मोजायला आत, पुरायला बाहेर : आमच्या मंडळीच्या पंचकमिटीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि पंचकमिटीतील सर्व वडीलजनहो,

सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये, हंगामाच्या सणाची वर्गणी आणि तरुण संघाची सहल यांच्या मधोमध, तुम्ही एक ठराव वाचून दाखवलात. ‘विश्वासापासून दूर गेलेल्या’ सभासदांबद्दलचा. त्यांची नावंही वाचलीत. त्यात माझं होतं. मी तिथे नव्हते, पण माझे वडील होते, रोजच्या जागी, पुढच्या बाकांवर. आशीर्वचनापर्यंत ते बसून राहिले, मग कुणाशी न बोलता घरी गेले. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. शेजारच्या मावशींनी फोन करून सांगितलं.

ठरावात तीन गोष्टी आहेत. दूर गेलेल्या व्यक्तीला मंडळीच्या कबरस्तानात जागा नाही, घरच्यांच्या कबरीशेजारीसुद्धा नाही. घरातल्या कुणाच्या अंत्यविधीत अशा व्यक्तीने भाग घेतला, म्हणजे खांदा दिला, चार शब्द बोलली, माती टाकली, तर पाळक विधी चालवणार नाहीत. आणि ज्यांची मुलं दूर गेली त्या आईबापांना मंडळीत पद नाही.

या विषयावर मी तुम्हाला आधी खाजगीत लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. तुम्ही माझं नाव चारचौघांत वाचलंत, तेव्हा माझं उत्तरही चारचौघांत यायला हरकत नसावी. तरी मंडळीचं, गावाचं, कुणा व्यक्तीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या गावच्या मंडळीकडे पाहावं.

वाचणाऱ्यांसाठी मी कोण तेवढं सांगते. मी नगर जिल्ह्यातली, मिशन कंपाउंडात वाढलेली. नर्स आहे, आता पुण्यात असते. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, आणि तिथून त्यांचं काम वडाळा, राहुरी असं खेड्यापाड्यांत गेलं. आमच्या घरात बाप्तिस्मा आला तो 1876-77 च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे, नेवाशाकडच्या एका महारवाड्यात. खापरपणजोबा ख्रिस्ती झाले आणि त्यांना वाळीत टाकलं गेलं. गावाने तर टाकलंच, ते आधीपासूनच बाहेर होते. पण भावकीनेही टाकलं. रोटीबेटी बंद, वतनातला वाटा बंद, मेलेल्याला खांदा बंद. ही गोष्ट आमच्याकडे नाताळच्या रात्री सांगितली जायची, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हीच गोष्ट नावं बदलून सांगितली जाते. मंडळीच्या वर्धापनदिनी तर व्यासपीठावरून सांगितली जाते. पूर्वजांनी छळ सोसला पण मनाला पटलं ते सोडलं नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या गोष्टीत तुम्ही आज कुणाच्या जागी उभे आहात ते पाहा.

आता, मी विश्वास का सोडला. हे सांगण्याची माझ्यावर सक्ती नाही, पण लोक विचारतात, आणि जे उत्तर मिळत नाही ते स्वतःच तयार करतात. कुणी दुखावलं का, लग्नाचं काही होतं का, आई गेली म्हणून देवावर रागावलीस का. यातलं काही नाही. आई गेली तेव्हा मंडळीने आमच्यासाठी जे केलं ते मी विसरलेले नाही, आणि आई जायच्या कितीतरी आधी माझा विश्वास गेला होता. तिला ते ठाऊक होतं.

सुरुवात शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, झाली. खापरपणजोबांच्या भावाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्याची पुढची पिढी 1956 नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाली. ते आणि आम्ही एकाच गल्लीत. आमच्या करंज्या त्यांच्याकडे, त्यांची भीमजयंतीची खीर आमच्याकडे. ख्रिस्तावाचून तारण नाही हे वचन पाठ करून घेतलं गेलं तेव्हा मी विचारलं, मग पलीकडच्या आजीचं काय? बाई म्हणाल्या, तिच्यासाठी प्रार्थना कर. मी केली. फार वर्षं केली. ती आजी माझ्यापेक्षा भली होती आणि मी तिच्या तारणासाठी विनवत होते, यातलं काहीतरी मला तेव्हाही बोचायचं. पुढे पवित्र शास्त्र सलग वाचलं, नेहमीचे वेचे सोडून अधलीमधली पानंही. 1 शमुवेल 15 मध्ये अमालेकांच्या तान्ह्या पोरांनाही मारायची आज्ञा आहे. त्यावर एकही उपदेश मी कधी ऐकला नाही. मग रुग्णालयातल्या रात्रपाळ्या. प्रार्थना झालेली आणि न झालेली माणसं सारखीच मरतात, सारखंच पाणी मागतात. याने देव नाही असं सिद्ध होत नाही, मला कळतं. पण जे मनात उरलं नव्हतं ते ओठांनी म्हणणं मला जमेना.

प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घेणं मी थांबवलं, त्याचा तुमच्यातल्या काहींना फार राग आला. पण अयोग्य रीतीने भाकर खाऊ नये हे पौलाचं वचन दर वेळी तुम्हीच वाचता. विश्वास नसताना भाकर घेतली असती तर ते तुम्हाला चाललं असतं? चाललं असतं, असं मला वाटतं. दुःखाची गोष्ट आहे ती. दर महिन्याला विश्वास नसताना बाकावर बसणारी माणसं मंडळीत आहेत आणि तुम्हालाही ती माहीत आहेत. ठरावात त्यांचं नाव नाही. नाव आलं ते सांगून गेलेल्यांचं.

आता तक्रारी.

पहिली रजिस्टराची. माझं नाव सभासदांच्या यादीतून काढावं असा अर्ज मी केला. तोंडी उत्तर मिळालं की बाप्तिस्मा पुसता येत नाही. ठीक. ती तुमची श्रद्धा आहे, आणि बाप्तिस्मा पुसा असं मी म्हटलंच नव्हतं. तो झाला ही घटना आहे. आईबापांनी माझ्या वतीने वचन दिलं, पुढे दृढीकरणात मी स्वतः दिलं, मनापासून दिलं. पण रजिस्टर म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. रजिस्टर म्हणजे वही आहे. लोक बदली होऊन गेले की त्यात तुम्ही शेरा मारताच. माझ्या बाबतीत शेरा मारला नाहीत. वार्षिक अहवालात सभासदसंख्येत मी आहे. वर्गणी थकल्याची चिठ्ठी घरी येते त्यात मी आहे. आणि कबरस्तानाचा प्रश्न आला की मी नाही. मोजायला आत आणि पुरायला बाहेर, हे एकाच वेळी कसं?

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये यावर स्वच्छ निकाल दिलेला आहे. अर्जदारांचं म्हणणं गंमतीचं होतं: आम्ही येशूला मानतो पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही, राजपत्रात तशी नोंद करा. सरकारी छापखान्याने नकार दिला होता. न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेच्या 25 व्या कलमातल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात ‘माझा कोणताच धर्म नाही’ असं म्हणण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि धर्म सांगाच अशी सक्ती सरकार करू शकत नाही. तो निकाल सरकारवर बंधनकारक आहे, मंडळीवर नाही, हे मला समजतं. पण सरकारी छापखान्याला जे कबूल करावं लागलं ते प्रभूच्या घराला जड जावं, हे बरं दिसत नाही.

दुसरी तक्रार बोलण्याची आहे, ठरावात ती नाही. ‘सवलतीसाठी फिरली’ असं माझ्याबद्दल बोललं गेलं, आणि बोलणाऱ्यांत कमिटीतले लोक होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्त्यांना अजून नाही. त्या आदेशाविरुद्ध आपण 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतो, आणि मीही काळी फीत लावून उभी राहिले आहे. तो आदेश अन्यायाचाच आहे. विश्वास गेल्यामुळे माझं ते मत बदललेलं नाही. मी बौद्ध झालेले नाही, हिंदू झालेले नाही, कुठला दाखला काढलेला नाही. पण समजा मला दाखला हवा असता, तरी हे वाक्य आपल्या तोंडी कसं येतं? खापरपणजोबांबद्दल गाव काय म्हणायचं ते आपल्याला पाठ आहे: पोटासाठी बाटले. दुष्काळात ज्वारी मिळाली म्हणून बाटले. गरिबाला विवेक असूच शकत नाही, त्याला फक्त पोट असतं, असं त्या बोलण्याचं मूळ होतं. दीडशे वर्षं आपण त्याचं खंडन करतोय. आणि घरातलीच मुलगी बाहेर पडली की तेच वाक्य, तसंच.

तिसरी तक्रार माझ्या वडिलांची, आणि सगळ्यात जास्त मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

त्यांनी उभी हयात शब्बाथ शाळा चालवली. कंपाउंडातल्या निम्म्या पोरांना ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गाणी त्यांनी पेटीवर शिकवली, तुमच्यातल्या दोघातिघांना तर नक्कीच. खजिनदार होते तेव्हाचा हिशेब आजही कुणीही तपासावा. त्यांच्या विश्वासाला तडा गेलेला नाही. माझ्यासाठी ते रोज प्रार्थना करतात, आणि मी घरी असले की त्या वेळी मी बाहेर जाऊन बसत नाही, शेजारीच बसते. आमच्या घरात हा प्रश्न कधीच सुटला आहे. तुम्ही तो परत उकरलात. ठरावानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडून शब्बाथ शाळेच्या कपाटाची किल्ली मागून घेतली गेली. मागायला एका तरुण मुलाला पाठवलं. कमिटीतलं कुणी आलं नाही.

आधार म्हणून तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय दाखवला गेला: ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार. तिथे घरातल्या लेकरांबद्दल लिहिलंय. मी चाळिशी ओलांडलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई आहे. मला चालवण्याचं काम वडिलांनी केव्हाच सोडून दिलंय. वचनांनीच बोलायचं तर यहेज्केल 18:20 काढा. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, बाप मुलाच्या पापाचा भार वाहणार नाही. याहून उघड काय लिहायचं राहिलं? आणि ज्याच्या पोटच्या पोराने, अबशालोमाने, बापाविरुद्धच बंड केलं त्या दाविदाची स्तोत्रं आपण दर रविवारी वाचतो. त्याचं पद काढा असा ठराव अजून आलेला नाही.

नेवाशाच्या मातीतली आणखी एक आठवण या जागी येते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते हे गाव. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाच्या करणीसाठी त्या चार भावंडांना वाळीत टाकलं होतं, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करायला लावली होती. तिथे बापासाठी पोरं. इथे पोरीसाठी बाप. आपण ख्रिस्ती, म्हणजे निराळे, ना?

भाचीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ती मुलगी लहान आहे आणि तिला यात ओढायचं नाही. अकरावीच्या प्रवेशाला अल्पसंख्याक कोट्यातून मंडळीचं शिफारसपत्र लागत होतं. ते पहिली यादी लागून गेली तरी मिळालं नाही. ‘आधी आत्याला समजवा’ असं माझ्या भावाला सांगण्यात आलं. भाऊ उपासनेत तबला वाजवतो. भाचीने दृढीकरण घेतलंय, रविवार चुकवत नाही. तिला साध्या यादीतून प्रवेश मिळाला, पण तुमच्या मंडळीत टिकलेल्या एका मुलीला त्या उन्हाळ्यात काय शिकायला मिळालं याचा विचार करा.

आता कबरस्तान.

जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडातल्या बस्तरमध्ये, छिंदवाडा नावाच्या गावी, एका ख्रिस्ती पाळकाचं पार्थिव जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं. गाव म्हणालं, ख्रिस्ती माणसाला इथे पुरायचं नाही. मुलगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती कबरस्तानात दफन झालं. तेव्हा आपल्या मंडळीत त्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली होती. वडिलांनी मला फोनवर सांगितलं, आणि मला बरं वाटलं होतं. ती प्रार्थना आणि हा ठराव एकाच व्यासपीठावरून कसा निघतो?

ठरावातली दुसरी अट तर नीट वाचली की हसू येतं. आमच्याकडे मयतीला बौद्ध भावकी येते, मराठा शेजारी येतात, मुसलमान दुकानदार येतो. सगळे खांदा देतात, सगळे मूठ मूठ माती टाकतात. ठराव त्यांना अडवत नाही, अडवूही नये. म्हणजे जन्मात कधी चर्चची पायरी न चढलेला माणूस माझ्या वडिलांच्या कबरीत माती टाकू शकतो, आणि त्यांची मुलगी टाकू शकत नाही. कारण तिने एके काळी विश्वास ठेवला होता.

वलसाडच्या पारशी अंजुमनसारख्या काटेकोर संस्थेनेही डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर तयारी दाखवली की हिंदूशी लग्न केलेल्या मुलीला तिच्या आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देऊ. केरळात ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन ख्रिस्ती पंथांच्या भांडणात मृतदेह अडकू लागले तेव्हा 2020 साली विधानसभेला कायदा करून सांगावं लागलं की घरच्या कबरस्तानात पुरण्याचा हक्क कुणी अडवू नये. महाराष्ट्रात तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाच आहे, आणि दफनभूमीचा वापर अडवणं हे त्यात मोडतं. हा कायदा मी धमकी म्हणून लिहीत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन वडिलांच्या मंडळीविरुद्ध तक्रार द्यायची माझी इच्छा नाही, आणि त्यांना ते सोसणारही नाही. पण जातपंचायतींसाठी केलेला कायदा आपल्याला लागू पडावा, ही वेळ आपण आणलीच का, एवढं विचारते.

आणि मत्तय 27 मधलं कुंभाराचं शेत आठवा. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली आणि मग यहूदाने फेकून दिलेली ती तीस नाणी. रक्ताचं मोल म्हणून दानकोशात घेता येईनात, तेव्हा मुख्य याजकांनी त्यातून एक शेत विकत घेतलं, परक्यांना पुरण्यासाठी. येशूला मरणाला देणाऱ्यांनीसुद्धा परक्या मढ्याची सोय केली होती.

एक गैरसमज इथेच दूर करते. मला स्वतःसाठी जागा नको आहे. मी देहदानाचा अर्ज भरलेला आहे. शिकाऊ डॉक्टरांना माझ्या देहाचा उपयोग होईल. पण ठरावात नाव आलेल्यांपैकी बाकीच्यांनी तसं ठरवलेलं नाही, आणि त्यातल्या एकाचं मूल तुमच्याच कबरस्तानात आहे. त्याला त्या लेकराशेजारी पडायचं असेल, तर त्याच्या डोक्यात काय आहे हे तपासून आपण काय मिळवणार?

तुम्ही म्हणाल, मंडळीला शिस्त हवी. हवीच. जो विश्वास ठेवत नाही त्याने व्यासपीठावरून बोलू नये, मंडळीच्या सभेत मत देऊ नये, प्रभुभोजन घेऊ नये. मला हे सगळं मान्य आहे, मी आपणहून पाळलंय. माझ्यासाठी कुणी पाळकाने खोटी प्रार्थना म्हणावी असंही मी मागत नाही. शिस्त जाणाऱ्यापुरती असते तोवर ती शिस्त. ती मागे राहिलेल्यांवर लावली की तिचा उपयोग एकच उरतो, पुढच्या माणसाने जाऊ नये म्हणून भीती घालणं. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य येशूला सोडून माघारी गेले. त्याने बाराजणांना विचारलं, तुम्हीही जाऊ पाहता काय? गेलेल्यांची नावं त्याने वाचून दाखवली नाहीत, त्यांच्या आईबापांना बोलावून घेतलं नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत तरी हे कुठे बसतं? रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपण गातो. त्या टिळकांनी 1917 साली मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर दोनच वर्षांत, 1885 मध्ये, आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना कळवलं होतं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. रमाबाई शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, मी राहिले नाही. तो फरक मी लपवत नाही. पण पटेल तेवढंच मानीन हा हट्ट त्यांचाच. आणि जोतीराव, जे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरच्या मिस फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळेने ज्यांना वाट दाखवली, ते कधी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी लिहून ठेवलं की एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असला तरी त्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने राहावं. आमचं घर तसं आहे. भांडतो आम्ही, पण जेवायला एकत्र बसतो.

1850 च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तजवीज केली. त्याचा आधार ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांनाही होता. त्या कायद्याने कुठला धर्म सोडला आणि कुठला धरला हे विचारलं नव्हतं. आज मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात धर्म बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्याला आधी कळवा असे कायदे आहेत. त्यांच्याविरुद्ध आपण बोलतो, आणि मी तुमच्या बाजूने बोलत राहीन, कारण मनात काय आहे हे कलेक्टरने विचारायचं काम नाही. मग ते पंचकमिटीचंही नाही. येणाऱ्याला दार उघडं आणि जाणाऱ्याच्या घरच्यांना दंड, हा स्वातंत्र्याचा अर्थ आपण न्यायालयात सांगत नाही. घरी सांगतो.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

ठराव मागे घ्यावा, आणि ज्या व्यासपीठावरून वाचला तिथूनच, तशाच रविवारी, मागे घेतल्याचं सांगावं. सूचनाफलकावर चिठ्ठी लावून भागणार नाही.

सभासदत्व सोडण्याचा साधा छापील अर्ज असावा. तो दिला की ठरलेल्या मुदतीत लेखी पोच मिळावी, रजिस्टरात शेरा व्हावा, वर्गणीची चिठ्ठी बंद व्हावी. नाव व्यासपीठावरून वाचलं जाऊ नये. परत यावंसं वाटलं तर त्याचीही वाट त्याच अर्जावर लिहा. कुणाला तरी ती लागेल, मला नाही.

कुणाच्याही मुलाच्या, भावाच्या, आत्याच्या विश्वासावरून मंडळीतलं पद किंवा शिफारसपत्र अडवलं जाऊ नये, हे लेखी असावं. माझ्या वडिलांना शब्बाथ शाळा परत द्यावी. ते नको म्हणतील, मला माहीत आहे. तरी विचारावं. आणि किल्ली घेऊन पाळकसाहेबांनी स्वतः घरी जावं.

कबरस्तानात घरच्या कबरीशेजारी जागा मागण्याचा हक्क घरच्यांना असावा, गेलेल्याचा विश्वास काहीही असो. प्रार्थना करायची की नाही ते पाळकांनी ठरवावं. खांदा आणि माती यांना अट नसावी. वडिलांचं वय झालंय. त्यांची वेळ येईल तेव्हा मी तिथे असणार आहे आणि माती टाकणार आहे, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे 23 वं स्तोत्र त्यांच्या पाळकाने वाचावं असं मला वाटतं. हे दोन्ही एकत्र होऊ शकतं की नाही हे मला आत्ता, ते बरे असताना कळायला हवं. शवागाराबाहेर उभं राहून वाटाघाटी करायची माझी तयारी नाही.

शेवटची मागणी कार्यपद्धतीची. आपली परंपरा बिशपच्या हुकमाची नाही, मंडळीच्या सभेची आहे. अमेरिकन मराठी मिशनने तीच इथे रुजवली. हा ठराव कमिटीच्या बंद खोलीत झाला. तो वार्षिक सभेसमोर ठेवा, बायकांना आणि तरुण संघातल्या दृढीकरण झालेल्या मुलामुलींना बोलू द्या, आणि मतं चिठ्ठीने घ्या, हात वर करून नको. मी त्या सभेला येणार नाही, मला तो हक्क नाही. जे ठरेल ते मला लेखी कळवा.

उत्तर माझ्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवा. अर्जावर तो आहेच. वडिलांच्या हाती देऊ नका.

आपली,
रजिस्टरात अजून नाव असलेली एक माजी सभासद